झिजलेल्या नाण्याची ओळख



झिजलेले रोमन नाणे हाती आले की ते घासून चकचकीत करण्याचा मोह आवरावा. त्या घासण्यातच उरलासुरला पुरावा नष्ट होतो. प्रथम व्यास व वजन नोंदवावे. मग तिरप्या प्रकाशात नाणे फिरवीत पाहावे. अक्षरे पुसली तरी आकृत्या बहुधा उरतात. सम्राट कॉन्स्टंटाईनच्या काळातील एका प्रकारच्या कांस्य नाण्यांवर दोन सैनिक उभे असतात. त्यांच्यामध्ये दोन सैन्यध्वज दिसले तर नाणे साधारण इ. स. ३३० ते ३३५ मधले. एकच दिसला तर त्यानंतरचे. तळाशी टांकसाळीची खूण असते. ती वाचता आली तर शहरही कळते. न आल्यास ‘टांकसाळ अनिश्चित’ असे प्रामाणिकपणे लिहावे. अंदाजाला निर्णय म्हणणे हा त्या नाण्यावर अन्यायच होय.