डोंगर एक, कागद तीन
(ग्रामसभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)

आया-बहिणींनो, दादांनो, खदाणीची धूळ भातावर कशी बसते ते तुम्हाला सांगायला नको. सुरुंग उडाला की कुडाचं लिंपण पडतं, तेही तुम्ही रोज बघता. आज आम्ही कागदाबद्दल बोलणार आहोत.

खदाणीमुळे डोंगराचं, झऱ्याचं काय होईल याच्या तपासणीला पर्यावरण आघात मूल्यांकन म्हणतात. पण ती करायची की नाही, हे आधीच ठरतं. केंद्राच्या 2006 च्या अधिसूचनेत प्रकल्पांचे वर्ग पाडलेत. 'अ' वर्ग दिल्लीकडे, 'ब' राज्याकडे. त्यात ब-1 ला अहवाल लागतो, जनसुनावणी लागते. ब-2 मध्ये नाव गेलं की दोन्ही सुटलं. आपण जनसुनावणीची वाट बघत बसतो, आणि ती होणारच नाही हे तिकडे कधीच ठरलेलं असतं.

दगड, मुरूम, रेती हे गौण खनिज. पूर्वी त्याच्या 5 हेक्टरखालच्या, म्हणजे साधारण साडेबारा एकराखालच्या, पट्ट्याला पर्यावरण मंजुरीच लागत नव्हती. मग काय, मोठ्या खदाणीचे तुकडे पाडायचे. हरियाणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 27 फेब्रुवारी 2012 ला सांगितलं, लहान पट्ट्यालाही मंजुरी लागेल. 2016 मध्ये नियम आला की एकाच खनिजाच्या दोन पट्ट्यांच्या हद्दीत 500 मीटरपेक्षा कमी अंतर असेल तर ते एक समूह धरायचे. 2018 मध्ये हरित लवादाने म्हटलं, 5 ते 25 हेक्टरलाही अहवाल आणि जनसुनावणी हवी.

आता आपल्या डोंगराकडे बघा. अर्ज तीन, नावं तीन. 4 हेक्टर, साडेचार, आणि 4.8. प्रत्येक जण 5 च्या आत! (हिशेब मात्र पक्का केलाय, मानलं पाहिजे.) बेरीज करा, 13.3 हेक्टर होतात. मधली जागा तर आपली गुरं दोन हाकांत ओलांडतात.

आणखी एक. अर्जासोबतचा तक्ता अर्जदार स्वतःच भरतो. आम्ही माहिती अधिकारात एक नक्कल काढली. जवळचं पाणी, या रकान्यात 'नाही' लिहिलंय. उन्हाळ्यात तीन पाडे ज्या झऱ्यावर जगतात, तो नाहीच! आम्ही बारावी शिकलो ते असले कागद वाचायच्या कामी आलं, नाहीतर हे कळलंही नसतं.

पेसा कायद्यात गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी शिफारस घ्यावी लागते. म्हणून ठराव असा लिहू: तिन्ही गट नंबर एकत्र धरा, बेरीज करा, मग वर्ग ठरवा. झऱ्याची जागा नकाशावर दाखवा. तोवर शिफारस नाही.

रविवारी सकाळी हद्दी मोजायला जायचंय. लांब दोरी कोणाकडे आहे? म्हाताऱ्यांनी जरूर यावं, जुन्या खुणा त्यांनाच माहीत. जोहार!