चुकलेला पेपर पुन्हा उघडा



तुमचे कार्यक्रम मनापासून आवडले. आता स्नेहसंमेलन संपलं की लगेच प्रॅक्टिकल, मग बोर्ड, मग सीईटी आणि नीट. म्हणून आज मी अभ्यासावरच बोलणार आहे.

मी लातूरला अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं. लातूर, नांदेड आणि धाराशिव हे तिन्ही जिल्हे बोर्डाच्या एकाच विभागात येतात, त्यामुळे तुमच्या नांदेडच्या मुलांच्या उत्तरपत्रिकाही खूप पाहिल्या. लातूर पॅटर्न म्हटलं की लोकांना मेरिट लिस्ट आणि चौकातले फ्लेक्स आठवतात. मला तपासलेल्या पेपरांचे गठ्ठे आठवतात. धडा शिकवून झाला की चाचणी, दोन दिवसांत पेपर तपासून हातात, चुकलेलं उत्तर त्याच रात्री पुन्हा लिहायचं आणि पुढच्या आठवड्यात तसाच प्रश्न परत. सगळी ताकद त्या परत मिळालेल्या पेपरात होती. आज चाचण्या पूर्वीपेक्षा जास्त होतात, पण पेपर परत उघडला जात नाही. मोबाइलवर मार्क येतात, रँक येते, आणि विषय तिथंच संपतो.

एक उदाहरण सांगतो. एका मुलीनं गणित सोडवलं होतं. वायूचं तापमान 27 अंशांवरून 127 अंश सेल्सिअस केलं, दाब तोच ठेवला, तर आकारमान किती होईल? तिनं 127 ला सरळ 27 नं भागलं. उत्तर आलं जवळपास पावणेपाच पट. तापमान केल्व्हिनमध्ये घेतलं असतं तर 400 भागिले 300, म्हणजे वाढ फक्त एक तृतीयांश. गुण गेले आणि तिनं समासात लिहिलं, ‘सिली मिस्टेक’. मी तिला आधीचे पेपर काढायला लावले. त्यातल्या दोन पेपरांत तीच चूक निघाली! मग ती सिली कशी? केल्व्हिन का घ्यायचं, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिनं फक्त सूत्र पाठ केलं होतं. आलेलं उत्तर शक्य तरी आहे का, असं थांबून पाहण्याची सवयही नव्हती. त्या दिवशी आम्ही पुढचा धडा घेतला नाही. शून्य केल्व्हिन म्हणजे काय, एवढ्यावरच तास घालवला.

नीटमध्ये 180 प्रश्न आणि 720 गुण असतात. बरोबर उत्तराला चार मिळतात, चुकलं तर एक जातो. म्हणजे अशी एक जुनी चूक पाच गुणांना पडते. तेव्हा प्रत्येक विषयाला एक चुकांची वही करा. त्यात फक्त चुकलेला प्रश्न, आपण काय केलं आणि का केलं, एवढंच लिहा. महागड्या टेस्ट सिरीजपेक्षा तिचा उपयोग मोठा आहे.

मराठी माध्यमातून आलेल्यांना वेगळं सांगतो, कारण तुमच्यातले निम्मे तरी तसे असतील. अकरावीत सगळं एकदम इंग्रजीत येतं आणि हुशार पोरगं पहिल्या घटक चाचणीत गळपटतं. दहावीची विज्ञानाची मराठी पुस्तकं रद्दीत घालू नका. धडा आधी मराठीत समजून घ्या, मग इंग्रजीत लिहा. दिवाळीपर्यंत जम बसतो.

आता विषयांबद्दल. ‘डॉक्टरच व्हायचंय’ म्हणून अकरावीलाच गणित सोडून देणारी मुलं पाहिली की जीव तुटतो. 2024 साली देशभरातून 24 लाखांवर मुलांनी नीटची नोंदणी केली. एमबीबीएसच्या जागा तेव्हा लाखाच्या आसपास होत्या. गणित ठेवलंत तर तुमच्याच गावात 1981 पासून उभं असलेलं गुरु गोविंदसिंगजींच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आवाक्यात राहतं. जीवशास्त्रवाल्यांना उदगीरचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे, परभणीचं कृषी विद्यापीठ आहे. ज्या भागात शेती आणि जनावरांवर घरं चालतात, तिथं या शिक्षणाला दुय्यम का मानायचं, मला कळत नाही. आणि गुण पडतात म्हणून मराठी सोडून आयटी घेणाऱ्यांनो, संगणकाची आवड असेल तर जरूर घ्या. पण फक्त गुणांसाठी असेल तर निदान रोज चार पानं मराठी वाचत जा.

हे नांदेडात बोलतोय, म्हणून नरहर कुरुंदकरांचं नाव घेतोच. ते इंटरला नापास झाले होते. शाळेत शिक्षक होते, पदवी उशिरा घेतली, आणि पुढं इथल्याच पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. ‘श्रीमान योगी’ची प्रस्तावना आजही लोक मुद्दाम वाचतात, ती त्यांची. मी नापास व्हा म्हणत नाही. निकाल हाती पडल्यावरही त्या माणसानं वाचणं सोडलं नाही, एवढंच बघा. आणि लातूरच्या शाहू कॉलेजचे पहिले प्राचार्य जनार्दन वाघमारे बघा. त्यांचा अभ्यास अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा! तेच पुढं 1994 साली स्थापन झालेल्या आपल्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. ज्या कॉलेजचं नाव विज्ञानाच्या निकालासाठी घेतात, त्याची घडी एका साहित्याच्या प्राध्यापकानं बसवली.

आईबाबांना हात जोडून विनंती आहे. पोरगं खोली करून राहतंय, तुम्ही पहाटे उठून एसटीनं डबा पाठवताय, फीसाठी कर्ज काढलंय, हे सगळं त्याला माहीत असतं. म्हणूनच कमी गुण पडले की ते फोन उचलत नाही. ‘किती पडले?’ हा पहिला प्रश्न तेवढा सोडा. जेवलास का, झोपलास का, हे विचारा. मग काय जमत नाही ते विचारा. रिपीट करायचं तर एक वर्ष ठीक आहे, आणि तेही पोराच्या मनात असेल तर. तिसऱ्या, चौथ्या खेपेला बसलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना आधी नीट झोप आणि एखादा जवळचा माणूस हवा असतो.

शिक्षक मित्रांना एवढंच म्हणेन, वर्ग मोठे आहेत, तपासणीचा ढीग असतो, सगळं खरं. तरी महिन्यातून एक पेपर मुलांच्या हातात द्या आणि त्यावर पूर्ण तास खर्च करा. पोर्शन थोडा मागं पडला तर पडू द्या.

आता बक्षिसं घ्यायला पोरं ताटकळलीत. समारंभ झाला की मी तासभर वाचनालयात बसणार आहे, प्राचार्यांनी परवानगी दिली आहे. ज्यांना यायचंय त्यांनी रसायनशास्त्राच्या शेवटच्या चाचणीचा पेपर घेऊन या. चांगल्या गुणांचा नको, सगळ्यात कमी गुणांचा आणा.