फ्रिजमधला बर्फ

मंडळी, आता खेड्यातही पुष्कळ घरी फ्रिज आला आहे. वरच्या खणात बर्फाचा डोंगर झाला, की लोक म्हणतात, "आमचं यंत्र मोठं जोरदार!" तसे नाही. तो बर्फ म्हणजे यंत्रावर पडलेली गोधडी. गारवा तिच्याआड अडतो अन् वीज फुकट जाते.

बर्फ येतो हवेतल्या वाफेतून. दाराचे रबर ढिले झाले, की दमट हवा आत शिरते. दारात कागदाचा चिटोरा धरून दार लावा. तो सहज ओढून निघाला, तर रबर धुऊन पुसा. फाटले असेल तर बदला. गरम कालवण उघडे आत ठेवू नका.

रबर ठीक आहे, तरी यंत्र रात्रंदिवस घुं-घुं करते? आतली चकती शेवटच्या आकड्यावर असेल, तर मधल्या आकड्यावर आणा. तरीही थांबले नाही, तर मिस्त्रीला थर्मोस्टॅट दाखवा. पुरेसे गार झाले, हे त्याची बारीक नळी ओळखते. नव्या फ्रिजात ते काम सेन्सर करतो. तो बिघडला, की खालच्या खणातलेही गोठू लागते. घरात कुणी इन्सुलिन घेत असेल, तर हे फार जपा. त्याला २ ते ८ अंश गारवा हवा. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी टोचायचे नाही.

बर्फाला सुरी, उलथने लावू नका, बरं का! पत्र्यात नळ्या असतात. भोक पडले, की गॅस गेला. पुष्कळ नव्या फ्रिजांतला गॅस तर पेटही घेतो. वीज बंद करा, दार उघडे ठेवा, खाली फडके घाला. बर्फ आपोआप गळेल. दूध अन् औषध तोवर शेजारी ठेवा.