कृत्रिम बुद्धिमत्ता आणि अनेकान्तदृष्टी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



एके काळी संगणक केवळ हिशेब करीत असे. आज तो निवड करू लागला आहे. कर्ज कोणाला द्यावे, नोकरीसाठी आलेल्या अर्जांपैकी कोणता पुढे पाठवावा, कोणाच्या कागदपत्रांची कसून तपासणी करावी, अशा निर्णयांत कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य घेतले जाते. हिशेब चुकला तर आकडा चुकतो; निवड चुकली तर माणूस वंचित राहतो. म्हणूनच हा विषय केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही, तो धर्मविचाराचाही झाला आहे.

हे यंत्र निर्णय कसा देते? पूर्वीच्या लक्षावधी नोंदी पाहून ते त्यांतील साम्य शोधते आणि नव्या माणसाविषयी अनुमान बांधते. अनुमान म्हणजे शक्यता; निश्चिती नव्हे. भारतीय संख्याशास्त्राचे अध्वर्यू प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ साली ‘डायलेक्टिका’ या नियतकालिकातील निबंधात जैन स्याद्वाद आणि संभाव्यतेचा आधुनिक सिद्धांत यांच्यातील जवळीक दाखवून दिली होती. ‘स्यात्’ म्हणजे संशय नव्हे. ‘या अपेक्षेने, या मर्यादेत’ असे ते सावध विधान आहे. यंत्राचे प्रत्येक उत्तर वस्तुतः ‘स्यात्’ या शब्दानेच सुरू व्हावयास हवे. माणूस तो शब्द गाळतो आणि अनुमानाला निवाडा मानतो, तेथेच एकान्त सुरू होतो आणि एकान्तातून हिंसा घडते.

ही अतिशयोक्ती नाही. नेदरलँड्समध्ये बालसंगोपनासाठी पालकांना शासकीय अनुदान मिळते. गैरव्यवहार शोधण्यासाठी तेथील करखात्याने २०१३ पासून अर्जदारांची जोखीम ठरविणारी संगणकप्रणाली वापरली. अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हाही त्यातील एक निकष होता. प्रणालीने बोट दाखविलेल्या अर्जाची छाननी करणाऱ्या कर्मचाऱ्यालाही त्यामागील कारण दिसत नसे. एखादी स्वाक्षरी राहून गेल्यासारख्या क्षुल्लक त्रुटीवरून संपूर्ण अनुदान परत मागितले गेले. हजारो कुटुंबे कर्जात बुडाली, अनेक संसार मोडले. दोष केवळ यंत्राचा नव्हता. कठोर नियम आणि ऐकून न घेणारे अधिकारीही तितकेच जबाबदार होते. अखेर १५ जानेवारी २०२१ रोजी तेथील मंत्रिमंडळाने या प्रकरणी राजीनामा दिला. कोणी कोणावर हात उगारला नव्हता. तरीही हिंसा घडली होती.

ज्यांच्या नोंदी यंत्राला पुरेशा मिळत नाहीत, त्यांच्याबाबत ते अधिक चुकते. जॉय ब्युओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ साली चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गौरवर्णीय पुरुषांबाबत चुकीचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के होते. कृष्णवर्णीय स्त्रियांबाबत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. जो नोंदीत नाही, तो यंत्राच्या जगात जणू नाहीच.

येथे समवसरणाची कल्पना आठवते. भगवंतांची वाणी प्रत्येक जीवाला आपापल्या भाषेत उमगत असे, असे परंपरा सांगते. भगवान महावीरांनी उपदेशासाठी अर्धमागधी ही लोकभाषा स्वीकारली. श्रोत्याने वक्त्याच्या भाषेपर्यंत चढून यावे, असा आग्रह तेथे नव्हता. भारत सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेला ‘भाषिणी’ हा भाषांतर उपक्रम याच दिशेचा आहे. परंतु प्रमाण मराठी समजणाऱ्या यंत्राला अहिराणी वा मालवणी बोलणाऱ्या आजीचे म्हणणे कळेल, तेव्हाच ते समवसरण पूर्ण होईल.

अपरिग्रहाचे व्रत माहितीलाही लागू पडते. गरजेपेक्षा अधिक धान्य साठविणे जसा परिग्रह, तशी गरजेपेक्षा अधिक माहिती गोळा करणे हाही परिग्रहच. संसदेने २०२३ मध्ये संमत केलेला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही संमतीने घ्यावयाची माहिती त्या कारणापुरती आवश्यक तेवढीच असावी, असे सांगतो. कायद्याने आज जे सांगितले, ते श्रावकाच्या आचारधर्मात पूर्वीपासूनच आहे.

शिष्यवृत्ती आणि वैद्यकीय साहाय्य देणाऱ्या धर्मादाय संस्थांपुढेही हा प्रश्न उभा आहे. अर्ज संगणकावर आले, छाननी यंत्राने झाली, तर श्रम वाचतील, हे खरे. पण स्मार्टफोन नसलेल्या विधवेचा कागदी अर्ज स्वीकारला जाईल काय? नाकारलेल्या विद्यार्थ्याला कारण कळेल काय? त्याचे म्हणणे ऐकण्यास एखादा जबाबदार माणूस बसलेला असेल काय? या तीन प्रश्नांची उत्तरे ‘होय’ असतील, तरच यंत्र दानधर्माचे साधन ठरेल.

श्रावक प्रतिक्रमण करतो, कारण जाणता-अजाणता दोष घडतो हे त्याला मान्य असते. यंत्राला पश्चात्ताप होत नाही. त्याच्या वतीने प्रतिक्रमण करण्याचे उत्तरदायित्व ते वापरणाऱ्याचेच आहे. ठरावीक काळाने त्याच्या निर्णयांची तपासणी करावी, अन्याय झाला असेल तेथे क्षमा मागावी आणि केवळ क्षमा मागून न थांबता झालेली हानी भरून द्यावी. ‘मिच्छामि दुक्कडम्’ या दोन शब्दांचा आजच्या युगातील हा अर्थ आहे.

जय जिनेंद्र!