छापील ॲव्हरेज आणि रस्त्यावरचं ॲव्हरेज



२०१७ साली मारुतीची नवी डिझायर बाजारात आली. तिच्या डिझेल मॉडेलच्या माहितीपत्रकात एक आकडा ठळक छापलेला होता : लिटरला २८.४ किलोमीटर. त्याआधीच्या डिझायरचा आकडा होता २६.५९. ही गाडी बाळगणाऱ्या कुणालाही विचारा. शहरात अठरा-एकोणीस, हायवेवर बावीस-तेवीस, असंच उत्तर बहुधा येईल. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, कंपनीने फसवलं. दुसरा म्हणतो, आपल्याच गाडीत काहीतरी बिघाड आहे, मेकॅनिकला दाखवू.

माझ्या मते दोघांचंही निदान चुकतं. २८.४ हा आकडा खोटा नाही, पण तो तुमच्या प्रवासाचा नाही. तो कुठल्या प्रवासाचा आहे आणि तुमचा खरा आकडा कसा मिळवायचा, ते आज सांगतो.

आधी इंजिनाबद्दल थोडं. हे फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट. २००३ साली ते युरोपात आलं. पुढे मारुतीने ते आपल्या गाड्यांत बसवलं. आपल्या पुणे जिल्ह्यात, रांजणगावच्या कारखान्यातही ते बनत असे. स्विफ्ट, रिट्झ, डिझायर, इंडिका व्हिस्टा अशा कितीतरी गाड्या या एका इंजिनावर धावल्या. डिझेल इंजिनात हवा पेट्रोल इंजिनापेक्षा खूप जास्त दाबली जाते, त्यामुळे त्याच उष्णतेतून जास्त काम निघतं. हवेची वाट अडवणारी झडप नसल्यामुळे कमी भारावर शक्ती वाया जात नाही. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा-पंधरा टक्के ऊर्जा जास्त असते. तेव्हा डिझेल गाडीचं ॲव्हरेज चांगलं असतं, हे निखालस खरं आहे.

आता चाचणीकडे वळू. पुण्यात पौड रस्त्याच्या बाजूला, वेताळ टेकडीवर ‘एआरएआय’ ही संस्था आहे. स्थापना १९६६ची. माहितीपत्रकातले आकडे तिच्यासारख्या संस्थेने प्रमाणित केलेले असतात. या चाचणीत गाडी रस्त्यावर जातच नाही. बंद खोलीत तिची पुढची चाकं मोठ्या रुळांवर चढवतात आणि गाडी जागच्या जागी बांधून ठेवतात. समोर पंखा असतो. चालकासमोरच्या पडद्यावर वेगाची एक रेघ सरकत असते आणि गाडीचा वेग त्या रेघेला धरून ठेवणं एवढंच त्याचं काम. डिझेल मोजतात तेही टाकीतून नव्हे. एक्झॉस्टमधून निघालेला वायू पिशव्यांत गोळा करतात, त्यात कार्बन किती ते मोजतात आणि त्यावरून किती इंधन जळलं याचा हिशेब लावतात. ही पद्धत अतिशय काटेकोर आहे. तिच्या अचूकतेविषयी माझ्या मनात शंका नाही.

पण ती रेघ कशी आहे ते पाहा. सगळी चाचणी ११८० सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटांहूनही कमी. अंतर साडेदहा किलोमीटरच्या आसपास, सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या जवळपास आणि कमाल वेग ९०. शहरी भागात उभ्या गाडीने ५० चा वेग गाठायला २६ सेकंद घ्यायचे. स्वारगेटच्या सिग्नलला इतक्या सावकाश कुणी निघतं का? एसी बंद, चढ नाही, उतार नाही, मागच्या सीटवर कुणी नाही, डिकीत सामान नाही. असा प्रवास आपल्यापैकी कुणीही कधी करत नाही. सगळ्या गाड्या एकाच फूटपट्टीने मोजता याव्यात, यासाठी ही चाचणी आहे. दोन गाड्यांची तुलना करायला ती उपयोगी पडते. महिन्याचा डिझेलचा खर्च काढायला मात्र नाही.

रस्त्यावर आकडा घटतो त्याची मुख्य कारणं चार.

पहिलं, वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलात की वेग पंचवीस टक्के वाढतो, पण हवेचा विरोध ५६ टक्के वाढतो. कोल्हापूरला जाताना तुम्ही वाचवलेल्या प्रत्येक मिनिटाची किंमत टाकीतून वसूल होते.

दुसरं, उभं राहणं. सिग्नलला गाडी थांबलेली असते, किलोमीटर शून्य, पण इंजिन आणि एसी चालूच. अशी उभी गाडी तासाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त डिझेल पिते.

तिसरं, थंड इंजिन. डिझेल इंजिन सावकाश तापतं. दोन किलोमीटरवर भाजी आणायला गेलात, तर ते पुरतं तापायच्या आत तुम्ही परत आलेले असता. बीएस-६ या प्रदूषण-मानकाच्या गाड्यांत याला आणखी एक जोड आहे. काजळी धरून ठेवणारी गाळणी अधूनमधून जास्तीचं डिझेल जाळून साफ करावी लागते आणि त्यासाठी एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो. रोजची धाव चार-पाच किलोमीटरचीच असेल, तर डिझेल गाडी घेऊच नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

चौथं कारण म्हणजे चालवणारा पाय. या मल्टिजेटचा खरा जोर दोन हजार आरपीएमला येतो. त्याखाली ते मंद वाटतं, म्हणून लोक गिअर न बदलता ॲक्सिलरेटर दाबत राहतात. आणि घाटातल्या उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणाऱ्यांना तर मी हात जोडून विनवतो, तसं करू नका. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की आजच्या इंजिनात डिझेलचा पुरवठा बंद होतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलीत तर इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं. म्हणजे डिझेलही जातं आणि इंजिनाचा ब्रेकही जातो. खंबाटकीच्या उतारावर हा सौदा कुणी करू नये.

आता तुमचा खरा आकडा कसा काढायचा? डॅशबोर्डवर दिसणारा आकडा हा गाडीचा अंदाज असतो आणि बऱ्याचदा तो जरा उदार असतो. खात्रीची पद्धत जुनीच आहे, टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल. नेहमी एकाच पंपावर, सपाट जागी, शक्यतो त्याच मशीनवर भरा. डिझेलला फेस येतो, त्यामुळे नोझल लवकर कट होतं आणि पंपावरचा मुलगा रक्कम ‘राउंड’ करायला आणखी थोडं ओततो. ते ओतू देऊ नका. पहिल्या कटला थांबा आणि किलोमीटर लिहा. पुढच्या वेळी तसंच भरा. समजा गाडी ५२० किलोमीटर चालली आणि २४.३ लिटर बसलं, तर ॲव्हरेज २१.४. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका. पावसाळा, उन्हाळा, गावचा प्रवास असं वर्षभराचं मिळून काढा.

इथे एका गणिताकडे लक्ष वेधतो. लिटरला किती किलोमीटर, या भाषेत बचत नीट दिसत नाही. २० देणाऱ्या गाडीऐवजी २५ देणारी घेतली, तर शंभर किलोमीटरला एक लिटर वाचतं. १० देणाऱ्या मोठ्या गाडीऐवजी १२ देणारी घेतली, तर शंभर किलोमीटरला जवळजवळ पावणेदोन लिटर वाचतं. पाचाचा फरक मोठा दिसतो, पण पैसे दोनाच्या फरकात जास्त वाचतात. म्हणून शंभर किलोमीटरला किती लिटर, असा हिशेब घरी ठेवावा.

छापील आणि खऱ्या आकड्यांतली दरी फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. युरोपात २००१ च्या सुमारास ती नऊ टक्क्यांच्या आसपास होती, २०१५ पर्यंत चाळीस टक्क्यांच्या पुढे गेली. २०१७ पासून तिथे नवी, जास्त लांब आणि जास्त वेगाची चाचणी आली. २०२१ पासून तर प्रत्येक नव्या कारमध्ये इंधन मोजणारी नोंद बंधनकारक झाली. त्या नोंदींतून कळलं की, नव्या चाचणीनंतरही डिझेल गाड्या छापील आकड्यापेक्षा सुमारे १८ टक्के जास्त इंधन जाळतात. अमेरिकेने १९८० च्या दशकातच सरळ मार्ग धरला. प्रयोगशाळेतल्या शहरी आकड्यातून १० आणि हायवेच्या आकड्यातून २२ टक्के कापायचे, मगच तो काचेवर चिकटवायचा. ही वजावट आपल्या चाचणीसाठी ठरवलेली नाही. तरी २८.४ मधून २२ टक्के वजा करून पाहा, २२ उरतात. डिझायरवाले हायवेवरचं ॲव्हरेज सांगतात, तेही एवढंच!

मारुतीने एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं तेव्हा हे मल्टिजेट इंजिन बंद केलं. पण प्रश्न संपलेला नाही. १ एप्रिल २०२३ पासून आपल्याकडे गाड्यांचं प्रदूषण रस्त्यावरही मोजावं लागतं. गाडीच्या मागे उपकरण बसवतात आणि ती खऱ्या रहदारीत चालवतात. ते उपकरण कार्बन डायऑक्साइडही मोजतं आणि एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे रस्त्यावर किती इंधन लागलं, ते त्याच चाचणीतून काढता येतं. वेगळा खर्च नाही, वेगळी यंत्रणा नाही. धूर रस्त्यावर मोजायचा आणि ॲव्हरेज मात्र खोलीतलं छापायचं, याला कोणतंही समर्थन नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक गाडीच्या माहितीपत्रकात प्रयोगशाळेतल्या आकड्याशेजारी रस्त्यावरचा आकडा, तितक्याच ठळक अक्षरात, छापलाच पाहिजे. ग्राहक म्हणून आपण ही मागणी शोरूममध्ये, ग्राहक पंचायतीत आणि आपल्या खासदारांकडे लावून धरली पाहिजे. आणि ती मान्य होईपर्यंत प्रत्येकाने गाडीत एक वही ठेवावी, प्रत्येक फुल्ल टाकीची नोंद करावी आणि नवी गाडी घेणाऱ्या शेजाऱ्याला ती वही वाचायला द्यावी.