लहान मुलाचे जेवण : चिंता कोठे करावी व कोठे करू नये
(विटा येथे प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



खेड्यातील शिक्षकाला शाळेच्या चार भिंतींतील प्रश्न तेवढेच विचारले जातात असे नाही. अर्ज लिहिण्यापासून मुलीच्या लग्नापर्यंत अनेक बाबतींत गाव त्याचा सल्ला घेते. त्यांतीलच एक प्रश्न शाळेच्या फाटकाशी नेहमी ऐकू येतो. मोठ्या मुलाला शाळेत सोडावयास आलेली आई कडेवरच्या दीड-दोन वर्षांच्या बाळाकडे पाहून म्हणते, "बाई, ह्ये काय खातच न्हाई बघा. दोन घास झालं की तोंड फिरवतंय. काय करावं?"

"मोठे झाले की खाईल" असे सांगून तिला निरोप देणे सोपे आहे. "जरा दटावून चारत जा" असे सांगणेही सोपे आहे. परंतु पहिल्या उत्तराने खरोखर खंगत चाललेले मूल दुर्लक्षित राहण्याचा संभव असतो, आणि दुसऱ्याने निरोगी मुलाचे जेवण ही घरातील रोजची लढाई होऊन बसते. या दोहोंमधील योग्य उत्तर कोणते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा प्रश्न आरोग्य खात्याचा आहे, शाळेचा नव्हे, असे कोणास वाटेल. वास्तविक कडेवरचे ते मूल चार-पाच वर्षांत पहिलीच्या वर्गात बसणार असते. मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होते ती पहिल्या दोन-तीन वर्षांत. त्या काळात राहिलेली उणीव पुढे पाटी-पुस्तकाने भरून निघणे कठीण असते. ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाड येथे बालशिक्षणाचे काम केले. आदिवासी पाड्यांच्या अंगणात शिक्षण नेताना मुलाची स्वच्छता व त्याचे आरोग्य हेही त्यांनी शिक्षणाचेच अंग मानले. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर रूढ झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. यास्तव हा विषय शिक्षकाच्या कक्षेबाहेरचा राहिलेला नाही.

प्रथम या चिंतेचे मूळ समजून घेतले पाहिजे. खानापूर तालुका हा अवर्षणाचा मुलूख. १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामांवर खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांच्या पोरांना सुकडीचा आधार होता. त्या वर्षी जी मुले होती त्यांतल्या कित्येक स्त्रिया आज आज्या झाल्या आहेत. मुलाच्या ताटात अन्न उरले की त्यांच्या पोटात कालवते, यात नवल नाही. अन्नाला पाठ फिरवणारे मूल आजारीच असले पाहिजे, हा त्यांचा अनुभव होता. तो अनुभव खोटा ठरवून आजीला अडाणी म्हणणे अनुदारपणाचे होईल. तथापि पुढे टेंभू योजनेचे पाणी आले, यंत्रमाग वाढले, कुक्कुटपालन वाढले, आणि गलाईच्या धंद्यासाठी परमुलखी गेलेल्या कुटुंबांचा पैसा गावाकडे येऊ लागला. बहुतेक घरांत आज चूल दोन्ही वेळा पेटते. परिस्थिती बदलली, पण मोजमाप मात्र जुनेच राहिले. मूल पुरेसे खाते की नाही हे अजूनही ताटावरून ठरवले जाते.

ताट हे फसवे माप आहे. ते का, हे साध्या हिशेबाने दाखविता येते. जन्मतः तीन किलो असलेले बाळ साधारणपणे वर्षभरात तिप्पट, म्हणजे नऊ किलोंचे होते. त्याच प्रमाणात ते वाढत राहिले असते, तर दुसऱ्या वाढदिवशी त्याचे वजन सत्तावीस किलो व तिसऱ्या वाढदिवशी एक्याऐंशी किलो भरले असते! सृष्टीचा नियम तसा नाही. दुसऱ्या वर्षात मूल केवळ अडीच किलोंच्या आसपास व तिसऱ्या वर्षात सुमारे दोन किलो वाढते. वाढीचा वेग मंदावला की भूकही त्या मानाने मंदावते. याच सुमारास मूल चालू लागते. खाण्यापेक्षा कोंबडीमागे धावण्यात त्याला अधिक गोडी वाटते. नवीन पदार्थाला तोंड न लावण्याची खोडही याच वयात लागते. एकूण, पहिल्या वाढदिवसानंतर मुलाचे खाणे कमी झाल्यासारखे दिसणे, एका दिवशी भरपूर व दुसऱ्या दिवशी नाममात्र खाणे, हे बहुधा निरोगी वाढीचेच लक्षण असते.

मुलाला स्वतःच्या भुकेची जाण असते काय, याविषयी एक जुना प्रयोग लक्षात घेण्याजोगा आहे. अमेरिकेतील डॉक्टर क्लारा डेव्हिस यांनी नुकतीच अंगावरून सोडलेली पंधरा बालके काही महिने ते काही वर्षे आपल्या देखरेखीखाली ठेवली व १९३९ साली त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. प्रत्येक जेवणाच्या वेळी धान्य, दूध, अंडी, मांस, फळे, भाज्या असे साधे पदार्थ निरनिराळ्या भांड्यांतून मुलांसमोर मांडले जात. जवळ बसलेल्या परिचारिकेने आग्रह करावयाचा नाही, सुचवावयाचेही नाही; मूल ज्याकडे हात करील त्याचा घास द्यावयाचा, एवढाच नियम होता. मुले कधी एकाच पदार्थावर तुटून पडत, कधी दोन घासांत उठत. एका वेळेचा आहार पाहून कोणीही चिंतेत पडला असता. परंतु सर्व मुले उत्तम वाढली. मुडदूस झालेल्या एका बाळासमोर माशाच्या तेलाचा पेला ठेवला जात असे. हाडे सुधारेपर्यंत ते मनास येईल तेव्हा तेल पीत राहिले व पुढे त्याने ते सोडून दिले.

यावरून मुलाला हवे ते खाऊ द्यावे असा अर्थ काढणे मात्र चुकीचे होईल, आणि डेव्हिसबाईंनीही तो काढला नव्हता. मुलांपुढे मांडलेल्या पदार्थांत साखरेचा वा कारखान्यात तयार केलेला एकही जिन्नस नव्हता; खरी मेख तेथेच होती. निवड मुलांची होती, पण कशातून निवडावयाचे ते मोठ्यांनी ठरविले होते. या विषयाचे सारे सूत्र या एका गोष्टीत आहे. काय वाढावयाचे, केव्हा वाढावयाचे व कोठे बसवून वाढावयाचे हे मोठ्यांचे काम. त्यांतले किती खावयाचे हे मुलाचे काम. मोठ्यांनी मुलाचे काम हाती घेतले की जबरदस्ती सुरू होते, आणि मुलाच्या हाती मोठ्यांचे काम दिले की पुड्यातील चटकदार खाऊचे राज्य सुरू होते.

आपल्या भागातील घरांत या दोन्ही चुका होताना दिसतात. गलाई करणाऱ्या कुटुंबात बाप दूरच्या शहरी असतो. रात्री फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, "बाळ जेवलं का?" त्या प्रश्नाला "हो" म्हणता यावे म्हणून आई व सासूबाई संध्याकाळभर वाटी घेऊन मुलामागे फिरतात. कोणी मांडीवर आडवे घालून, नाक दाबून घास कोंबतात. असा घास श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. कोणी हातात फोन देऊन चित्रे दाखवीत भरवितात. मूल खाते खरे, पण पोट भरले की थांबावे ही त्याची उपजत जाण बोथट होते. दुसरीकडे, मागावर कांड्या भरण्याचे काम करणाऱ्या आईला पाळी चुकविता येत नाही. मूल रडू नये म्हणून शेजारीण वा मोठी बहीण त्याला चहात बुडविलेले बिस्कीट देते, दुकानातला पाच रुपयांचा पुडा देते. दुपारी मूल भाकरीला तोंड लावत नाही, आणि घरचे म्हणतात, पोराला भूकच नाही. भूक होती, ती अवेळी व निकस पदार्थांनी मारली गेली. चहाने अन्नातील लोह अंगी लागण्यासही अडथळा येतो. दिवसभर बाटलीने दूध पिणाऱ्या मुलाचेही असेच होते. दूध उत्तम अन्न असले तरी त्यात लोह अत्यल्प असते. केवळ त्यावर पोट भरणारे मूल गुबगुबीत दिसूनही पांडुरोगी होऊ शकते.

मग द्यावे काय? त्यासाठी विट्याच्या बाजारातून महाग डबे आणण्याची गरज नाही. सहा महिने पूर्ण होईपर्यंत केवळ आईचे दूध, त्यानंतर वरचे अन्न, आणि त्यासोबत दोन वर्षांपर्यंत वा पुढेही आईचे दूध, हा क्रम सर्वमान्य आहे. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसातून तीन-चार वेळा जेवण व मध्ये एक-दोन वेळा हलका खाऊ पुरतो. त्याची जेवणाची मात्रा पाऊण ते एक वाटी एवढीच असते. मोठ्यांच्या ताटाशी तिची तुलना करू नये. आमटीच्या वरच्या पाण्याने पोट भरते, अंग भरत नाही. म्हणून खालची डाळ घोटून त्यात भाकरी कुस्करावी व वर चमचाभर तेल किंवा तूप घालावे. मोड आलेली मटकी शिजवून मऊ करावी, शेंगदाण्याचा बारीक कूट भाजीत मिसळावा. पोल्ट्रीच्या या मुलखात, ज्या घरी चालते तेथे, अंडे हे फार सोयीचे अन्न आहे. अख्खे शेंगदाणे व फुटाणे मात्र एवढ्या लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. ते घशात अडकतात. दोन खाण्यांत दोन-तीन तासांचे अंतर असावे. मुलाला घरच्यांच्या पंगतीत बसवावे, त्याच्या हाताने खाऊ द्यावे, सांडले तर सांडू द्यावे. वीस-पंचवीस मिनिटांत ताट उचलावे, रागावू नये आणि बक्षीसही देऊ नये. आज नाकारलेली भाजी थोडी थोडी दहा-पंधरा वेळा पुढे आली म्हणजे बहुधा स्वीकारली जाते. दोनदा नाकारली की "त्याला ती आवडत नाही" असा शिक्का मारणे घाईचे होय.

येथपर्यंत निरोगी मुलाचा विचार झाला. परंतु प्रत्येक आईला "काळजी करू नका" असे सांगून चालणार नाही, कारण खऱ्या कुपोषणाचा प्रश्न संपलेला नाही. २०१९-२० च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी व सुमारे ३६ टक्के कमी वजनाची आढळली. म्हणजे तीन मुलांमागे एकाहून अधिक. विशेष हे की, अशा मुलाची आई पुष्कळदा तक्रार घेऊन येतच नाही. खंगलेले मूल निपचित असते, रडत नाही, मागत नाही. ते 'शहाणे' वाटते. तक्रार होते ती धावणाऱ्या, हट्टी मुलाची. म्हणून चिंतेचे माप ताटावरून काढून तराजूवर नेले पाहिजे.

हा तराजू गावातच आहे. अंगणवाडीत मुलांचे वजन दरमहा घेतले जाते व वाढीच्या तक्त्यावर त्याची नोंद होते. शिक्षकाने तो तक्ता वाचावयास शिकले पाहिजे. आलेख वाचणे त्याला नवीन नाही. एका बिंदूपेक्षा रेषेची दिशा महत्त्वाची. रेषा आपल्या वाटेने वर चढत असेल, तर मूल किरकोळ अंगाचे असले तरी भिण्याचे कारण नाही. रेषा दोन-तीन महिने आडवी राहिली किंवा खाली वळली, तर मूल गुटगुटीत दिसत असले तरी सावध व्हावे. दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाचे वजन ९.७ किलोंहून व मुलीचे ९ किलोंहून कमी असल्यास ते कमी वजनाचे समजले जाते. सहा महिने ते पाच वर्षे या वयात दंडाचा घेर साडेबारा सेंटिमीटरहून कमी असणे हा धोक्याचा व साडेअकराहून कमी असणे हा तीव्र कुपोषणाचा इशारा होय. दोन्ही पायांवर सूज, वरचेवर जुलाब, निपचितपणा, किंवा पिणेही सोडून देणे यांपैकी काही आढळले, तर आशाताई वा अंगणवाडीताईंना सोबत घेऊन मुलाला विनाविलंब आरोग्य केंद्रात पाठविले पाहिजे. तेथे घरगुती सल्ल्याचा अधिकार संपतो.

शाळेला या कामी काय करता येईल, ते थोडक्यात सांगता येईल. माता-पालकांच्या सभेत वर्षातून एकदा तरी हा विषय ठेवावा व अंगणवाडीताईंना तक्त्यासह बोलवावे. सभेत कोणाच्याही मुलाचे वजन जाहीरपणे वाचू नये. दोन मुलांची तुलना करण्याने आया दुखावतात आणि पुढल्या वेळी येत नाहीत. तीन वर्षांखालील मुलांसाठी अंगणवाडीतून घरी न्यावयाचा आहार मिळतो. तो त्याच मुलाच्या पोटात जातो की घरभर वाटला जातो, याची सहज चौकशी करावी. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी शाळा बुडविणाऱ्या मुलीची नोंद केवळ गैरहजेरीच्या रकान्यात करून थांबू नये. त्या घरी दोन मुलांचे नुकसान होत आहे, हे ओळखावे. तिसरी-चौथीच्या मुलींप्रमाणेच मुलांनाही बाळाला काय भरवावे हे परिसर अभ्यासाच्या तासाला शिकवावे, कारण दुपारचा घास पुष्कळदा त्यांच्याच हातून जातो.

शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या त्या आईला आता तीन प्रश्न विचारता येतील. गेल्या तीन महिन्यांत वजन वाढले का? मूल खेळते-हसते का? जेवणाआधी त्याच्या पोटात काय काय गेले? पहिल्या दोहोंचे उत्तर 'होय' असेल, तर तिला धीर द्यावा आणि तिसऱ्या उत्तरात जे काही निघेल ते सुधारण्यास सांगावे. पहिल्या दोहोंपैकी एकाचे जरी उत्तर 'नाही' असेल, तर धीराचे शब्द पुरे नाहीत. त्याच दिवशी तिच्याबरोबर अंगणवाडीपर्यंत चालत जावे. आणि वजन कधी घेतलेच नाही, असे ती म्हणाली, तर कामाला तेथूनच प्रारंभ करावा.