श्वानासमवेत फेरफटका

कुत्र्याला सोबत घेऊन फिरावयास निघालेल्या मनुष्याचे चित्र कल्पनेत आणू गेल्यास बहुधा समुद्रकिनाराच डोळ्यांपुढे उभा राहतो. ओली वाळू, परतणारी लाट आणि तिच्या मागे धावणारे ते आनंदी जनावर! पण या सुखाचा मक्ता काही एकट्या अलिबाग-मालवणकडे नाही. बीड जिल्ह्याच्या उत्तर भागातील गेवराई समुद्रापासून सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे. तेथे लाटांच्या जागी कपाशीची शेते, आणि वाळू पाहावयाची तर गोदाकाठ गाठावा लागतो. तरीही अशा गावातील गृहस्थाला रोजच्या फेरफटक्यात श्वानाच्या सोबतीचा तितकाच आनंद मिळू शकतो. अट एवढीच की, ते कुत्रे शहाणे असले पाहिजे, आणि त्याचा धनी त्याहून शहाणा.

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, असे आपल्याकडे म्हणतात. शेपटाविषयी ही म्हण खरी असेल. शेपटापुढचे कुत्रे मात्र उत्तम प्रकारे शिकते. अमेरिकेत बार हार्बर येथे स्कॉट आणि फुलर या दोन संशोधकांनी अनेक वर्षे पिलांचे निरीक्षण करून १९६५ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पिलाच्या वयाचे तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचे दिवस फार मोलाचे असतात, असे त्यांना आढळून आले. या काळात जे जे परिचयाचे होते, त्याचे भय पुढे सहसा वाटत नाही. या वयात रोगप्रतिबंधक लसी पुऱ्या झालेल्या नसतात. म्हणून पिलाला रस्त्यावर सोडू नये, कडेवर घेऊन फिरवावे. मोटारीचा भोंगा, बैलांच्या गळ्यातील घुंगरे, फेटेवाले, छत्रीवाले, शाळा सुटतानाचा गलका, या सर्वांची ओळख त्याला कडेवरूनच व्हावी.

पुढचे शिक्षण शब्दांचे. 'बस', 'थांब', 'ये' आणि 'सोड' एवढे चार शब्द ज्या कुत्र्याला पक्के समजले, त्याला कोठेही नेता येते. परंतु ते शब्द घरातील सर्वांनी एकसारखे वापरले पाहिजेत. वडील एक म्हणतात, मुले दुसरेच म्हणतात, आणि आज्ञा मोडल्याचा ठपका बिचाऱ्या मुक्या जनावरावर येतो! आज्ञा पाळताच शाबासकी अथवा भाकरीचा तुकडा तत्क्षणी मिळावा. हाक मारल्यावर उशिरा आलेल्या कुत्र्याला मारणे हा तर शुद्ध अविचार होय. आपण उशीर केला हे त्याला उमगत नाही. धन्याजवळ गेले की मार बसतो, एवढेच ते शिकते.

मराठवाड्याच्या हवेत फिरण्याची वेळही विचारपूर्वक ठरवावी लागते. उन्हाळ्यात तेथील तापमान चाळीस अंशांच्या वर जाते. मनुष्याच्या सर्वांगाला घाम येतो. कुत्र्याला तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांनाच येतो, आणि अंगातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्याला जीभ काढून धापा टाकाव्या लागतात. शिवाय धन्याच्या पायांत वहाण असते, कुत्रे अनवाणी असते. तापलेल्या डांबरावर हाताची पालथी बाजू थोडा वेळ टेकवून पाहावी. ज्या रस्त्यावर आपला हात टेकवत नाही, त्या रस्त्याने त्याला नेऊ नये. सूर्योदयापूर्वीची वेळ सर्वांत चांगली. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बोटांच्या बेचक्यांत घट्ट बसतो, आणि गवतातून गोचीड अंगावर चढतात. घरी परतल्यावर पंजे धुणे व कानांमागे तपासणे हा फिरण्याचाच एक भाग समजावा.

वाटेत ते पावलोपावली थांबून हुंगते, तेव्हा धन्याने दोरी ओढण्याची घाई करू नये. मनुष्य गाव डोळ्यांनी पाहतो. कुत्रे ते नाकाने वाचते. सकाळी कोण येऊन गेले, कोणत्या गल्लीत नवे जनावर आले, ही सारी वार्ता त्याला खांबाच्या बुंध्याशी मिळते.

आता खरा महत्त्वाचा प्रश्न इतरांचा. रस्ता सर्वांचा आहे, आणि त्यावरून चालणाऱ्यांपैकी अनेकांना कुत्र्याचे भय वाटते. 'तो काही करत नाही हो!' हे धन्याचे पालुपद ऐकून ते भय जात नाही. समोरून एखादी वृद्ध बाई येत असेल, तर धन्याने दोरी आखूड धरून बाजूला व्हावे, कुत्र्याला बसवावे आणि म्हणावे, 'या आजी, आधी तुम्ही जा.' या एका कृतीने जे साधते ते शंभर आश्वासनांनी साधत नाही. गावाबाहेर धनगरांचे कळप भेटतात. तेथे कुत्रे मोकळे सोडणे म्हणजे दुसऱ्याच्या चरितार्थाशी खेळणे होय. कुत्र्याने पिटाळलेल्या गाभण मेंढीचा गर्भपात होऊ शकतो. गावाला लागून राष्ट्रीय महामार्ग जातो, तेथे दोरी हीच कुत्र्याची आयुष्याची दोरी असते.

या भयामागे सबळ कारणही आहे. पिसाळीचा रोग एकदा उमटला की त्यातून रोगी वाचणे जवळजवळ अशक्य. १८८५ साली पाश्चर यांनी प्रथम एका मुलाला त्याची लस टोचली. १९०७ साली दक्षिणेत कुन्नूर येथे त्यांच्या नावाची संस्था निघाली. तथापि चाव्यावर मिरची अथवा चुना भरण्याची घातक चाल अद्यापि समूळ गेलेली नाही. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि विनाविलंब दवाखाना गाठावा. पाळलेल्या कुत्र्याला तर प्रतिवर्षी लस टोचून घ्यावी. शेजाऱ्याविषयीचे ते पहिले कर्तव्य आहे.

सुटीच्या दिवशी राक्षसभुवनापर्यंत जावे. तेथे शनीचे प्रसिद्ध देवस्थान आहे. याच परिसरात १० ऑगस्ट १७६३ रोजी तरुण माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. गोदेचे पात्र पाहून कुत्रे हुरळेल. पण वरच्या अंगाला पैठणचे जायकवाडी धरण आहे, आणि तेथून पाणी सुटले की पात्र वेगाने भरते. म्हणून पाणी सुटण्याची सूचना असता पात्रात उतरू नये. मंदिरात येणाऱ्या भाविकांचाही मान राखून कुत्र्याला आवाराबाहेरच बसवावे.

आपल्या परंपरेत या प्राण्याला परके मानलेले नाही. दत्तात्रेयांच्या चरणांशी चार श्वान आहेत, खंडोबाच्या सोबतीला श्वान आहे, आणि धर्मराजाने कुत्र्याला मागे टाकून स्वर्गात जाण्याचे नाकारल्याची कथा महाभारतात आहे. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आजही दिसते. त्या निष्ठेची परतफेड आजच्या गृहस्थाला समाधी बांधून करावयाची नाही. आपले कुत्रे रस्त्याने जाताना कोणाला अंग चोरावे लागू नये आणि शेजारच्या मुलाने त्याला नावाने हाक मारावी, इतके शिक्षण त्याला देणे पुरेसे आहे. दोरीचे एक टोक कुत्र्याच्या गळ्यात असते. पण तिच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या हाताचीच परीक्षा गाव रोज घेत असते.